दिवाळी ते कानबाई: कॅम्पेनवाले शूटर, ६०० व्हीएचा यूपीएस आणि सेव्हचं बटण

शूटर म्हणजे बंदुकीचे गेम, आणि कॅम्पेन म्हणजे त्यातली एकट्याने खेळायची गोष्ट. टायटनफॉल २ ची कॅम्पेन भारी, हाफ-लाइफ २ अजून म्हातारा झाला नाही, डूमच्या संगीताने कान तापतात, हे तुम्ही शंभर ठिकाणी वाचलं असेल. कोणत्या सेटिंगला किती एफपीएस (सेकंदाला किती चित्रं) मिळतात तेही वाचलं असेल, म्हणून ते लिहीत बसत नाही. बहुतेक दिवाळीच्या सेलमध्ये घेतलेले हे गेम आता कानबाई (आमच्या खान्देशातला श्रावणातला सण) जवळ आली तरी माझ्या पीसीवर आहेत. इतक्या महिन्यांत मी त्यांना ज्या एकाच मापाने मोजत आलो, ते कोणत्याच रिव्ह्यूत सापडत नाही: खेळता खेळता लाईट गेली, तर परत आल्यावर गेम आपल्याला कुठे नेऊन उभं करतो?

राहतो भुसावळात. गच्चीत गेलं की दीपनगरच्या वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात, तिथे ५००-५०० मेगावॅटचे दोन संच आहेत, आणि आमच्या गल्लीत वारं सुटलं की लाईट जाते. पहिला पाऊस आला की जाते. डीपीवर खार चढली की जाते. कधी काहीच घडत नाही, तरी जाते.

मल्टिप्लेअरचा नाद त्यामुळेच सुटला. लाईटीबरोबर राउटर मरतो आणि तिकडे अनोळखी टीममेट आपल्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. गल्लीतली पोरं ओट्यावर बसून मोबाईलवर बीजीएमआय खेळतात, त्यांना लाईटीचं सोयरसुतक नाही. मला रात्री जेवणं झाल्यावर तासभर मिळतो. त्या तासाला एकट्याची गोष्ट बरी. मध्येच घरातून हाक आली तर पॉज दाबून उठता येतं.

मशीन साधं आहे. जुना पीसी, त्यात जीटीएक्स १६५० हे ग्राफिक्स कार्ड. हे ७५ वॅटचं कार्ड, माझ्याकडच्या मॉडेलला वेगळी पॉवर केबलही लागत नाही. त्याला जोडून ६०० व्हीएचा (व्होल्ट-अँपिअरचा) यूपीएस, म्हणजे लाईट गेली की काही मिनिटं पीसी चालू ठेवणारा बॅटरीचा डबा. ६०० हा आकडा खोक्यावर मोठा छापतात; प्रत्यक्षात ३६० वॅट, आणि आत १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची एकुलती एक बॅटरी. कागदावर ८४ वॅट-तास. मी खेळताना मॉनिटर धरून दीड-दोनशे वॅट ओढतो, आणि एवढ्या ओढीला असली बॅटरी पूर्ण माप कधी देत नाही. नवी होती तेव्हा दहा-बारा मिनिटं मिळायची. त्या दहा मिनिटांत पुढचा चेकपॉइंट (जिथे गेम आपणहून सेव्ह होतो ती जागा) गाठणे, हा माझा खरा शूटर. यूपीएस टिटवीसारखा ओरडतोय, आबा बाजूच्या खोलीतून ‘बंद कर रे ते’ म्हणतायत, आणि मी गोळ्या मोजायच्या सोडून बीप मोजतोय.

इन्व्हर्टर नाही का, असं कोणीतरी विचारणारच. आहे. मागचं बटण यूपीएस मोडला ठेवलं तर पीसी बंद न पडता त्यावर सरकतोही. पण त्या मोडला त्याला व्होल्टेज नीट लागतं. संध्याकाळी गल्लीतले सगळे कूलर सुरू झाले की व्होल्टेज पडतं आणि हा लाईट असतानाही बॅटरी खात बसतो. मग रात्री खरंच लाईट गेली की पंखा बंद. मे महिन्यात भुसावळात पंखा बंद पाडून गेम खेळून दाखवा, मी नमस्कार करीन.

तर सुरुवातीचे काही महिने माझी यादी अगदी सरळ होती. कुठेही सेव्ह करू देतो तो गेम चांगला, चेकपॉइंटवाला वाईट. हाफ-लाइफ २ पहिल्या नंबरावर. २००४ चा गेम. २०२४ च्या नोव्हेंबरात तो बनवणाऱ्या व्हॉल्व्हने त्याच्या विसाव्या वाढदिवसाला फुकट वाटला तेव्हाच उचलून ठेवला होता, दोन्ही एपिसोडही आता त्यातच मिळतात. एफ-६ दाबलं की सेव्ह, एफ-९ दाबलं की परत तिथेच. रेव्हनहोम ह्या झोंबींच्या गावात, वस्तू उचलून फेकणाऱ्या ग्रॅव्हिटी गनने करवतीचं गोल पातं उचललंय, समोरून झोंबी येतोय, एफ-६ दाबलं, आणि लाईट गेली. परत आल्यावर पातं माझ्या हातात, झोंबी तिथेच. ह्याला म्हणतात पैसे वसूल, आणि पैसे तर दिलेच नव्हते. मॅक्स पेन, २००१ चा, तोही तसाच दिलदार. एफ.ई.ए.आर., २००५ चा, तोही.

आमच्या पिढीला ह्या सेव्हचं इतकं अप्रूप का, हे आयजीआय हा गेम खेळलेल्याला सांगायला नको. २००० साली आलेला, मल्टिप्लेअर नाही, चौदा मिशन, आणि मिशनच्या मध्ये सेव्ह नावाची गोष्टच नाही. पहिलंच मिशन रेल्वे यार्डातलं, त्यामुळे भुसावळच्या पोरांना तो आपल्याच गावचा वाटायचा. सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून तारेचं कुंपण, टॉवरवरचा गार्ड, अलार्मचं बटण हे सगळं पाठ करायचं आणि शेवटच्या दाराशी कोणीतरी मागून गोळी घालायचा. की पुन्हा यार्डाच्या बाहेर. २००३ च्या दुसऱ्या भागात मोजून-मापून सेव्ह दिले, तेव्हा दिवाळी झाल्यासारखं वाटलं होतं.

अखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमाराला यूपीएसने मान टाकली. लाईट गेली की बीपसुद्धा न करता बंद. उघडून पाहिलं तर बॅटरी दोन्ही अंगांनी फुगलेली. वॉरंटीत होता, म्हणून जळगावच्या सर्व्हिस सेंटरला घेऊन गेलो. काउंटरवरच्या पोराने वरचं झाकण काढलं, फुगवटा बघितला आणि कागदावर ‘फिजिकल डॅमेज’ लिहून मोकळा झाला. मी विचारलं, बाबा रे, मी काय हातोडा मारला का हिला? तर म्हणे गरमीने फुगली, गरमी वॉरंटीत येत नाही, थंड जागी ठेवायला पाहिजे होता.

थंड जागी! पारा ४५ च्या वर असताना भुसावळात थंड जागा म्हणजे एक तर माठ नाही तर कुणाच्या तरी घरचा एसी. त्याचं शास्त्र खोटं नाही, ते मी मान्य करतो. शिसं-आम्लाच्या बॅटरीचं आयुष्य २५ अंशांना धरून सांगितलेलं असतं, आणि वर दर दहा अंशांना साधारण निम्मं होत जातं. म्हणजे आमच्याकडे ती उन्हाळ्यात चौपट वेगाने मरते. पण मग खोक्यावर लिहा ना, ‘खान्देशासाठी नाही’. महाबळेश्वरला विका. वाद घातला, साहेबांना बोलवा म्हटलं, साहेब जेवायला गेले होते. दोन तासांनीही जेवतच होते. नवी बॅटरी ‘ओरिजिनल’ घ्यायची तर यूपीएसच्या निम्म्या किमतीची. मी यूपीएस काखेत मारून परतीची गाडी धरली.

उपाय मिळाला फवारणी पंपवाल्याकडे. पाठीवरचा बॅटरीचा पंप असतो ना, कपाशीवर मारायचा, त्यातल्या बऱ्याच पंपांत १२ व्होल्ट ८ अँपिअर-अवरची बॅटरी असते. ७ वालीच्याच मापाची. तेच टोक, तीच लांबी-रुंदी. दुकानदाराने मल्टिमीटर लावून दाखवला, ‘भो, कोणत्या पिकाला?’ विचारलं, मी म्हटलं कॉम्प्युटरला. हसला, पण वीस रुपये सोडले. लाल तार लालला, काळी काळ्याला, झाकण बंद. यूपीएस आता पलंगाखाली फरशीवर असतो, घरातली तीच त्यातल्या त्यात गार जागा.

पण ही बॅटरी बसेपर्यंत मधले काही आठवडे मी यूपीएसशिवाय खेळलो, आणि इथे माझं मत फिरलं.

टायटनफॉल २ मी चिडून बाजूला ठेवला होता, कारण सगळा कारभार चेकपॉइंटचा. २०१६ च्या ऑक्टोबरात आला, पुढे बॅटलफील्ड १ आणि मागे कॉल ऑफ ड्यूटी अशा दोन हत्तींच्या मधे सापडला आणि विक्रीत मार खाल्ला, ती कथा सगळ्यांना ठाऊक आहे. सहा तासांत संपतो, म्हणून मला तो महागही वाटत होता. आता नेमका तोच लावला. त्यात एक कारखाना आहे, तयार घरं बनवण्याचा. फिरत्या पट्ट्यावरून जमिनीचा तुकडा येतो, वरून भिंती उतरतात, मग फर्निचर, आणि आपण त्याच हलत्या घरांतून गोळ्या चुकवत पळतोय. ऐन मध्यात लाईट गेली. परत आली तेव्हा मी एक-दोन मिनिटं मागे होतो, बस. आणि ती दोन मिनिटं पुन्हा खेळायला मला आवडली! दुसऱ्यांदा भिंतीवरून धावलो, ज्या खोलीत पहिल्यांदा लपलो होतो तिच्या डोक्यावरून गेलो.

‘इफेक्ट अँड कॉज’ ह्या मिशनचं नाव तुम्ही ऐकलं असेल. एक बटण दाबलं की पडकी प्रयोगशाळा जुन्या काळातली धडधाकट होते, पुन्हा दाबलं की पडकी. आतली युक्ती अशी, की दोन्ही काळांच्या इमारती एकावर एक बांधून ठेवल्यात आणि बटणावर आपल्याला वर-खाली फेकलं जातं. डोळ्यांना शिवण दिसत नाही. आणि असली कल्पना त्या एका मिशनपुरती वापरून सोडून देतात. दुसऱ्या कोणी तिच्यावर तीन भाग काढले असते.

मग पंपाची बॅटरी आल्यावर एफ.ई.ए.आर.कडे परत गेलो. ह्यातले शिपाई अजूनही आजच्या कित्येक गेमांपेक्षा शहाणे आहेत. प्रत्येक जण समोरची परिस्थिती बघून आपली योजना आपण जुळवतो, आणि गेम बनवणाऱ्या मोनोलिथवाल्यांनी वर त्यांच्या तोंडी अशी आरडाओरड घातली, की सगळे मिळून आपल्याला घेरतायत असं वाटावं. कपाट पाडून आडोसा करतात, मागच्या खिडकीतून येतात. पण मी काय करत होतो? दारात सेव्ह, एक मारला की सेव्ह, कोपऱ्यावर सेव्ह. मागून आलेल्याने मारलं की लोड, आणि मागे वळून त्याचीच वाट बघत उभा. तो बिचारा डाव टाकतोय आणि मला त्याचे पत्ते आधीच दिसतायत. अशाने कसली भीती नि कसलं काय.

म्हणून यादी उलटी झाली असं नाही. हाफ-लाइफ २ चं वेगळं, तिथे रमतगमत फिरायचं असतं, सेव्हने काही बिघडत नाही. पण घेराबंदीच्या गेमला नीट टाकलेला चेकपॉइंटच शोभतो. डूम, २०१६ वाला, तर ह्यात हुशार: दारं बंद होतात, आखाड्यात सगळे राक्षस सोडतात, संपले की दार उघडतं. मध्येच लाईट गेली तर आखाडा पहिल्यापासून. लपून राहण्यात फायदा नाही, जीव कमी झाला की पळण्याऐवजी राक्षसाच्या अंगावर जायचं, त्याला हाताने फाडला की जीव परत मिळतो. त्यात मध्ये सेव्ह दिला असता तर मजा गेली असती. कॉल ऑफ ड्यूटी ४, २००७ चा: चेर्नोबिलजवळच्या ओस पडलेल्या प्रिप्यातच्या गवतात पोटावर सरपटण्याचं मिशन सगळ्यांच्या लक्षात राहतं, पण मला त्याच्या पुढचं आवडतं, आपल्या जखमी कॅप्टन मॅकमिलनला आकाशपाळण्याजवळ ठेवून हेलिकॉप्टरची वाट बघायची ते. हेलिकॉप्टरचा आवाज आला आणि लाईट गेली, असं माझं झालंय. शिव्या दिल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसलो.

खरा राग उरलाय तो एका लाँचरवर (ज्यातून गेम सुरू करावा लागतो तो प्रोग्राम), नाव लिहीत नाही. गेम एकट्याचा, उतरवलेला, पैसे दिलेले, तरी सुरू करताना लॉगिन मागतो. यूपीएसवर पीसी चालू, राउटर बंद, आणि हा गोल फिरतोय. आता मी राउटरलाही बारा व्होल्टचा छोटा बॅकअप लावलाय, निव्वळ त्या एका खिडकीसाठी. हा खर्च गेमच्या किमतीत धरायचा का, सांगा.

घेणाऱ्यांसाठी: पूर्ण किमतीला ह्यातलं काहीही घेऊ नका. टायटनफॉल २ आणि हाफ-लाइफ २ सेलमध्ये ९० टक्क्यांपर्यंत उतरतात. मात्र प्रत्येक वेळी थांबणं शहाणपणाचं नसतं. स्पेक ऑप्स: द लाईन, वाळूत गाडल्या गेलेल्या दुबईचा तो सुन्न करणारा गेम, लायसन्स संपल्यामुळे २०२४ च्या जानेवारीत दुकानांतून काढला गेला. माझ्या मावसभावाने आधीच घेऊन ठेवला होता, तो आता मला दर रविवारी त्यावरून टोमणे मारतो.

सध्या मेट्रो एक्झोडस लावलाय. सेव्ह हवा तिथे करता येतो, पण मी मुद्दाम करत नाही. सगळी गोष्ट एका वाफेच्या इंजिनाच्या गाडीवर चालते, ‘अरोरा’ तिचं नाव, आणि आबा रेल्वेतून रिटायर झालेले. यूपीएसच्या बीपला कावलेले आबा हल्ली खुर्ची ओढून मागे बसतात. बंदुकीशी त्यांना देणंघेणं नाही. गाडी थांबली की विचारतात, ‘अरे, पाणी कुठे भरतात हे?’ मला उत्तर माहीत नसतं, तोवर समोरून कोणीतरी गोळी घालतो.