आर्मीतून निघालेली लँड रोव्हर लाइटवेट: दीडेक वर्ष वापरल्यानंतरचा अनुभव

गाडी: लँड रोव्हर सिरीज थ्री लाइटवेट, १९७६ ची, पेट्रोल, १२ व्होल्टवाली साधी जीएस, म्हणजे जनरल सर्व्हिस, सर्वसाधारण कामाची. ब्रिटिश आर्मीत नोकरी करून बाहेर पडलेली. मी इंग्लंडात मिडलंड्समध्ये राहतो, गाडी घेऊन दीडेक वर्ष झालं, तेवढ्यात ती खोलून झाली, जोडून झाली, पावसापाण्यात चालवून झाली आणि तिचे जुने कागद शोधण्यात तर पाना हातात धरला त्यापेक्षा जास्त रात्री गेल्या. इथले ओळखीचे मराठी लोक सारखे विचारतात की असली गाडी घ्यावी का, चालते का, त्रास किती, म्हणून एकदाच सविस्तर लिहितोय. लांबलंय, चहा घेऊन बसा.

माझं मत आधीच सांगून टाकतो. घ्या, जरूर घ्या, पण घेतल्या घेतल्या रंगवायला काढू नका. आधी तिची कुंडली काढा. या गाड्यांचा अर्धा जीव त्यांच्या इतिहासात असतो आणि तो इतिहास बऱ्याचदा कागदाच्या आधी रंगाखाली सापडतो, तुम्ही एकदा सँडब्लास्ट करून चकाचक नवा हिरवा रंग मारला की तो कायमचा गेला, नंतर कितीही पैसे खर्च करा परत येत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. साठच्या दशकात ब्रिटिश सैन्याला हेलिकॉप्टरखाली लटकवून नेता येईल अशी लँड रोव्हर हवी होती, आणि तेव्हाच्या वेसेक्स हेलिकॉप्टरला नेहमीची ८८ इंचवाली (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर ८८ इंच) जड पडत होती. म्हणून दरवाजे, काच, ताडपत्रीचे पाइप, बॉडीचा वरचा भाग हे सगळं बोल्ट काढून बाजूला ठेवता येईल अशी गाडी केली आणि रुंदीसुद्धा चार इंचांनी कमी करून ६० इंचांवर आणली, म्हणजे विमानात दोन गाड्या शेजारी शेजारी बसतील. १९६८ ला सिरीज टू ए या आधीच्या मॉडेलवर सुरुवात झाली, १९७२ पासून सिरीज थ्री, आणि १९८४ पर्यंत उत्पादन चालू होतं. सगळं सामान परत लावलं की ही गाडी साध्या ८८ पेक्षा जडच भरते, पण त्या सपाट कडांमुळे, पत्र्याच्या चौकोनी मडगार्डांमुळे तिचं जे रूप झालंय ते मला आजही दुसऱ्या कुठल्या लँड रोव्हरमध्ये दिसत नाही.

आता शोधाबद्दल, कारण मला खरं सांगायचंय ते हेच. लष्करी नंबर मिळाला की अर्धं काम झालं. १९४९ पासून ब्रिटिश लष्करी गाड्यांना दोन आकडे, दोन अक्षरं, परत दोन आकडे असे नंबर होते. अक्षरं आरएन असली की नेव्हीची, पहिलं अक्षर ए असलं की हवाईदलाची. माझ्या गाडीवर मधल्या कुणा मालकाने दोन-तीन हात हिरवा रंग चढवलेला होता आणि लष्करी डेटा प्लेट गायब होती. म्हणून मागच्या टेलबोर्डवर पाणी लावून बारीक वॉटर पेपरने, अगदी हलक्या हाताने, हातभर जागा घासायला घेतली. आधी चकचकीत हिरवा गेला, मग काळा पट्टा लागला, मग खालचा तो मॅट हिरवा आणि त्यात हळूहळू पांढऱ्या आकड्याची कड उमटली. आधी सात की एक ते कळेना, पेपर बाजूला ठेवून नुसत्या ओल्या फडक्याने पुसत गेलो आणि अख्खा नंबर वर आला, स्टेन्सिलच्या कडेला ब्रशचे केस चिकटलेले सुद्धा दिसत होते. युनिटमधले लोक बऱ्याचदा ब्रशनेच रंग मारायचे, त्यामुळे अशा खुणा राहतात. त्या दिवशी पुढचं घासणं तिथेच थांबवलं. तेवढी जागा मी तशीच ठेवली आहे, वरून फक्त मॅट वार्निशचा एक हात.

नंबर मिळाल्यावर पुढची पायरी रॉयल लॉजिस्टिक कोअरचं म्युझियम. आधी ते सरीमध्ये डीपकटला होतं, आता विंचेस्टरजवळ वर्दी डाउनला आहे. चिलखत नसलेल्या गाड्यांना तिकडे बी व्हेइकल म्हणतात, त्यांची जुनी रेकॉर्ड कार्डं या म्युझियमकडे आहेत, नंबर कळवून फी भरली की शोधून प्रत पाठवतात. रणगाडे आणि चिलखती गाड्या असतील तर बॉव्हिंग्टनच्या टँक म्युझियमच्या अर्काइव्हकडे विचारायचं. कार्ड म्हणजे हाताने भरलेला एक कागद, त्यावर तारखा, डेपो आणि युनिटं, सगळं संक्षेपात. आम्हाला ते वाचताच येईना, मग एक्स-मिलिटरी लँड रोव्हर असोसिएशनमधल्या जुन्याजाणत्यांनी ओळ न ओळ उलगडून सांगितली. माझी गाडी लँड रोव्हरच्या सॉलिहलच्या कारखान्यातून निघून डेपोत बरेच महिने नुसती उभी होती, मग टेरिटोरियल आर्मीत गेली, म्हणजे शनिवार-रविवारी सराव करणाऱ्या राखीव सैनिकांकडे, आणि शेवटपर्यंत तिथेच राहिली. युद्ध नाही, परदेश नाही. काही जणांना हे वाचून वाईट वाटेल, मला उलट फार आनंद झाला, कारण कुठलीतरी ऐकीव गोष्ट सांगण्यापेक्षा ही खरी गोष्ट माझ्याकडे तारखांसकट आहे. विकणारे सर्रास सांगतात की गाडी उत्तर आयर्लंडला होती नाहीतर फॉकलंडला होती. कार्ड बघितल्याशिवाय त्यासाठी एक पौंडही जास्त देऊ नका. गाडीच्या अंगावर पुरावा असला तर गोष्ट वेगळी. उत्तर आयर्लंडमधल्या बऱ्याच गाड्यांना पुढच्या बंपरवर एक उभा लोखंडी अँगल असायचा, रस्त्यावर आडवी बांधलेली तार कापायला, आणि काहींना मॅक्रोलॉन या चिवट प्लास्टिकचे संरक्षक पत्रे लावलेले असायचे, त्यांची भोकं नंतर बुजवलेली दिसतात.

छोट्या छोट्या वस्तूही बोलतात. लायटिंगचा स्विच काढून साफ करायला घेतला तर मागे ब्रॉड ॲरो, म्हणजे सरकारी मालाचा तो तीन रेघांचा बाण, आणि खाली नेटोचा १३ आकडी स्टॉक नंबर. त्यातले पाचवा-सहावा आकडा ९९ असले की वस्तू ब्रिटनने नोंदवलेली. लहानपणी मी वडिलांबरोबर नगरला रणगाड्यांचं म्युझियम बघितलं होतं, माटिल्डा, चर्चिल, सेंच्युरियन अशी सगळी ब्रिटिश मंडळी तिथे ओळीने उभी आहेत. या वेडाची सुरुवात तिथलीच, आणि तो बाण हातात धरल्यावर मला नगरच आठवलं.

आता लोखंडाकडे येतो. बॉडी ॲल्युमिनियमची आहे म्हणून गंज नाही असं समजून गाडी बघायला जाऊ नका. चासी आणि बल्कहेड, म्हणजे इंजिन आणि बसायच्या जागेमधली भिंत, लोखंडाचे आहेत आणि सगळा खर्च तिथेच आहे. हातोडी घेऊन जा, चासीचा मागचा आडवा दांडा म्हणजे क्रॉसमेंबर, चासीतून बाजूला निघणारे आधार म्हणजे आउटरिगर, पुढच्या पाट्यांचे हँगर, बल्कहेडचे पाय ठेवायचे खड्डे, सगळीकडे ठोकून आवाज ऐका. जिथे टणकन आवाज यायच्या ऐवजी भद्द आवाज येतो तिथे आत काही राहिलेलं नाही. ॲल्युमिनियम आणि लोखंड जिथे जिथे भिडतात तिथे पांढरी पावडर धरते आणि ॲल्युमिनियम खाल्लं जातं, दरवाजांच्या खालच्या कडा हमखास गेलेल्या असतात. माझ्या गाडीचा चासी चांगला निघाला, मागचा क्रॉसमेंबर बदलला, दोन आउटरिगर बदलले, बल्कहेडला दोन्हीकडे वेल्डिंग केलं. बरेच जण पूर्ण नवा गॅल्वनाइज्ड चासी घालतात, तो आयुष्यभर टिकतो हे खरं, पण जुना दुरुस्त होण्यासारखा असेल तर मी तरी दुरुस्तच करीन, कारण त्यावरचा नंबर, लष्करी लिफ्टिंगचे कडे, जुन्या रंगाचे थर हे सगळं त्या गाडीचं स्वतःचं आहे.

पार्ट मिळतात, ही या छंदातली सगळ्यात सुखाची गोष्ट. इंजिन तेच २२८६ सीसीचं चार सिलेंडर पेट्रोल जे नागरी लँड रोव्हरला होतं, त्यामुळे गॅस्केटपासून पिस्टनपर्यंत सगळं मिळतं. क्वालिटी मात्र फार कमीजास्त आहे. एका विक्रेत्याकडून घेतलेला नवा कंडेन्सर दोन आठवड्यांत गेला आणि गाडी भर चौकात बंद पडली, पैसे परत मागितले तर उत्तरही नाही. तेव्हापासून इग्निशनचे पार्ट मी जुने, लष्करी स्टॉकमधले, मेणकागदात गुंडाळलेले तसेच शोधून घेतो, दोन पैसे जास्त गेले तरी चालतात. खास लाइटवेटचे पार्ट, म्हणजे तिची ती अरुंद बॉडी, मडगार्ड, पुढचं पॅनल, हे मात्र महाग आणि दुर्मिळ होत चाललेत, म्हणून घेताना पत्रा पूर्ण आहे ना ते नीट बघा. इंजिन काय, कधीही मिळेल.

लष्करी मॅन्युअल वापरा ही माझी ठाम शिफारस आहे. ईएमईआर नावाचे जुने दुरुस्तीचे नियम आणि नंतरचे एईएसपी, यात जे चित्र काढून एकेक पायरी समजावलीय ते एकोणीस वर्षांच्या नव्या रिक्रूटला समजावं म्हणून केलेलं आहे, त्यामुळे माझ्यासारख्या ऑफिसात बसणाऱ्या माणसालाही समजतं. ब्रेकचं ॲडजस्टमेंट मी त्यातूनच शिकलो.

चालवण्याबद्दल. थंडीत चोक ओढून सेल मारला की दोन-तीन फेऱ्यांत उठते. सिरीज थ्रीला चारही फॉरवर्ड गिअरला सिंक्रोमेश आहे, म्हणजे गिअर न करकरता बसावा अशी रचना, पण माझ्या गाडीचा दुसरा गिअर खाली टाकताना मी डबल क्लचच करतो, म्हणजे क्लच दोनदा दाबतो. पिवळा दांडा खाली दाबला की फोर व्हील, लाल दांडा मागे ओढला की लो रेंज, म्हणजे वेग कमी आणि ताकद जास्त, आणि लो रेंजमध्ये ओल्या गवताच्या चढावर ही गाडी ज्या शांतपणे वर जाते ते बघितलं की सगळी वेल्डिंगची बिलं विसरायला होतं. रस्त्यावर ताशी ४५ ते ५० मैल हा तिचा सुखाचा वेग, त्यापुढे आवाजच एवढा होतो की शेजारच्याशी बोलता येत नाही. मोटरवेवर मी नेतच नाही, गावागावातून जाणारे जुने रस्ते धरतो. चारी चाकांना ड्रम ब्रेक आहेत, ॲडजस्ट केलेले असले तर चांगले लागतात, पण पुढच्या गाडीपासून अंतर ठेवायची सवय लावून घ्या. हँडब्रेक चाकांवर नाही, ट्रान्सफर बॉक्सच्या मागच्या ड्रमवर लागतो, त्यामुळे गाडी पूर्ण उभी राहिल्याशिवाय ओढायचा नाही. ताडपत्रीतून पाऊस येतो, हीटर फक्त उजव्या पायाला गरम करतो, पेट्रोल गॅलनला १६-१७ मैल. बायको आणि मुलगी पहिल्या हिवाळ्यात एकदाच आल्या, आता उन्हाळ्यात मात्र दोघी आधी चढून बसतात, दरवाजांचे वरचे भाग काढून ठेवले की गावातून जाताना लहान मुलं सॅल्यूट ठोकतात.

पेट्रोलचं एक लक्षात ठेवा. सप्टेंबर २०२१ पासून इथे साधं पेट्रोल ई-टेन झालं, म्हणजे १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल. जुने रबरी पाइप आणि पंपाचा डायफ्रॅम ते खातं. मी सगळे पाइप नवे टाकले आणि सुपर ग्रेडचं ई-फाइव्हच भरतो.

कागदपत्रं इथे सोपी आहेत. चाळीस वर्षं उलटलेली गाडी हिस्टॉरिक वर्गात टाकली की रोड टॅक्स शून्य, मे २०१८ पासून अशा गाडीला एमओटी, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे का याची वार्षिक तपासणीही सक्तीची नाही, मोठे बदल केलेले नसले म्हणजे. मी तरीही दरवर्षी एमओटी करून घेतो, दुसऱ्या माणसाने खालून टॉर्च मारून बघितलेलं बरं. १९८० च्या आधीची असल्यामुळे काळी-चंदेरी नंबरप्लेटही लावता येते.

जीएस घ्यावी की एफएफआर, हा प्रश्न नेहमी येतो. एफएफआर म्हणजे रेडिओसाठी बनवलेली, २४ व्होल्टची, पुढच्या दोन सीटच्या मध्ये दोन बॅटऱ्या, मोठा ९० अँपिअरचा जनरेटर, प्लगच्या वायरींवर धातूचं आवरण, मागे रेडिओचं टेबल. ज्याला इलेक्ट्रिकलची आवड आहे आणि क्लॅन्समन हे ब्रिटिश लष्करी रेडिओ जमवायचेत त्याने तीच घ्यावी, शोमध्ये ती उघडी ठेवली की लोकांची गर्दी होते. पहिलीच गाडी असेल तर मात्र माझं मत जीएसच्या बाजूने, रविवारी संध्याकाळी काही बिघडलं तरी कोपऱ्यावरच्या दुकानातला १२ व्होल्टचा बल्ब चालतो.

एक गोष्ट राहिली, ती सांगितल्याशिवाय हा अनुभव पुरा होत नाही. या गाडीच्या मागच्या डिफरन्शियलवर, म्हणजे मागच्या ॲक्सलच्या मधल्या गोळ्यावर, पांढरा रंग असतो आणि वर एक बारीकसा दिवा, रात्री सगळे दिवे बंद करून ताफा निघाला की मागच्याने फक्त तो पांढरा गोळा बघत यायचं. माझा तो दिवा मी स्विचपासून वायर ओढून परत चालू केला होता. एका गावच्या जत्रेत गाडी उभी केलेली असताना सत्तरीचे एक गृहस्थ आले, टेरिटोरियलमध्ये ड्रायव्हर होते, आत बसू का म्हणाले. बसले आणि खाली न बघताच त्यांचा हात त्या लायटिंग स्विचवर गेला, दोन खटके फिरवले, मग मला म्हणाले मागे जाऊन बघ लागलाय का. लागला होता. पुढचा तासभर ते सॉल्सबरी प्लेन या लष्करी सरावाच्या माळरानावरच्या रात्रीच्या सरावांबद्दल सांगत होते, कुठल्या युनिटची ओळख सांगणारा खुणेचा चौकोन गाडीवर कुठे असायचा, ताडपत्री ओली असताना कशी बांधायची, कुठला बोल्ट आधी सैल होतो. मी सगळं वहीत लिहून घेतलं, त्यांची परवानगी घेऊन आवाजही रेकॉर्ड केला. ताडपत्री आता त्यांनी सांगितल्याप्रमाणे बांधतो, मागून पाणी यायचं बंद झालंय. मडगार्डवरचा खुणेचा चौकोन अजून वरच्या रंगाखाली आहे, तेवढा या उन्हाळ्यात वॉटर पेपरने उघडणार आहे. कुणाकडे सत्तरच्या दशकातले टेरिटोरियलच्या लाइटवेटचे फोटो असतील, अगदी अंधुक असले तरी, तर मला बघायला नक्की आवडतील.