नासाची ॲपीअर्स सेवा आणि मॉड17चे आकडे: पांढरकवड्याकडून पाहिलं तर

जंगलासाठी बिनधास्त वापरा, वावरासाठी जपून. उपग्रहांचे आकडे हव्या त्या जागेपुरते कापून देणाऱ्या नासाच्या 'ॲपीअर्स' या फुकट सेवेबद्दल माझं मत इतकं सरळ आहे. मी यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याकडे ज्युनियर कॉलेजला भूगोल शिकवते. घरची शेती कोरडवाहू: पऱ्हाटी (कापूस), तूर, थोडं सोयाबीन. झाडं हवेतला किती कार्बन ओढून घेतात हे पोरांना आपल्याच शिवारावरून दाखवता यावं, म्हणून मी हिच्याकडे वळले.

वापरायला सोपी आहे. फुकट खातं काढायचं, नकाशावर टिंब ठेवायचं किंवा चौकोन आखायचा, मॉड17 या उपग्रहावर आधारलेल्या आकड्यांच्या संचातला जीपीपी, म्हणजे सकल प्राथमिक उत्पादन (झाडांनी हवेतून ओढलेला एकूण कार्बन), निवडायचा, तारखा टाकून विनंती पाठवायची. कापाकापीचं काम त्यांच्या सर्व्हरवर होतं. झालं की मेल येतो. टिंब दिलं असेल तर आकड्यांची छोटीशी फाइल उतरवून घेतली की संपलं. रेंज येते-जाते अशा गावात ही सोय किती मोठी आहे, ते शहरात बसून कळायचं नाही. 2000 सालापासूनचे दर आठ दिवसांचे आकडे एका फाइलमध्ये मिळतात.

मात्र हे आकडे कोणी जागेवर जाऊन मोजलेले नाहीत, हिशेबाने काढलेले आहेत. डिसेंबर 1999मध्ये सोडलेल्या टेरा उपग्रहावरचा मोडिस सेन्सर पानांनी किती उजेड शोषला याचा अंदाज देतो. पिकाची वाढ शोषलेल्या उजेडाच्या प्रमाणात होते, हे जॉन मॉन्टीथ यांनी 1970च्या दशकात मांडलं. त्याच पायावर माँटाना विद्यापीठात स्टीव्ह रनिंग यांच्या गटाने हे मॉडेल उभं केलं. शोषलेल्या उजेडाला कार्यक्षमतेने, म्हणजे तेवढ्या उजेडात किती कार्बन बांधला जातो त्या मापाने, गुणायचं. थंडी वाढली किंवा हवा कोरडी झाली की ती कार्यक्षमता कापायची.

आमच्याकडच्या टिपेश्वर अभयारण्यातल्या सागवनावर हे छान चालतं. आकड्यांचा आलेख काढला की मृगानंतर रेघ चढते, पावसाळा सरता सरता माथ्यावर पोचते, साग पानं टाकू लागला की उतरते आणि एप्रिल-मेमध्ये तळाला जाते. पाऊस उशिरा आलेलं वर्ष पोरं रेघ पाहूनच ओळखतात. माझ्यासाठी पैसे वसूल तिथंच झाले असते, पैसे लागले असते तर.

वावरात गोष्ट बदलते. एक चौकोन 500 मीटरचा म्हणतात, प्रत्यक्षात साधारण 463 मीटरचा, म्हणजे सुमारे 53 एकर. आमच्याकडे तेवढ्यात कितीतरी जणांची वावरं, धुरे, नाला आणि एखादी संत्र्याची बाग येते. शिवाय सगळ्या शेतजमिनीला एकच कमाल कार्यक्षमता लावली आहे: एका मेगाज्यूल उजेडामागे 1.044 ग्रॅम कार्बन. ज्वारी कडक उन्हात पऱ्हाटीपेक्षा जास्त कार्बन बांधते, दोघींची प्रकाशसंश्लेषणाची रीतच वेगळी. मॉडेल दोघींना एकाच मापाने मोजतं.

मला सर्वांत खटकणारी गोष्ट मातीची आहे. या हिशेबात मातीतला ओलावा थेट धरलेलाच नाही, हवेच्या कोरडेपणावरून पाण्याचा ताण ओळखायचा. ऑगस्टमध्ये पावसाचा खंड पडला की आमच्या खालच्या भारी काळ्या वावरातली पऱ्हाटी टवटवीत असते आणि वरच्या बरडात, म्हणजे हलक्या मुरमाड जमिनीत, तीच दुपारी माना टाकते. बोटभर खणलं तरी बरडात ओल लागत नाही. हवा मात्र दोन्हीकडे सारखीच दमट. पानं झडून हिरवेपणा उतरेल तेव्हा कुठे फरक दिसणार, आणि तोही 53 एकरांच्या सरासरीत. त्यातच पावसाळ्यात ढगांमुळे पानांचा अंदाज चुकतो. म्हणून मागच्या वर्षांसाठी, ढगाळ काळातल्या उणिवा भरून काढलेली 'जीएफ' आवृत्तीच घ्या आणि गुणवत्तेचा रकाना वाचल्याशिवाय आकडा वापरू नका.

गावात हल्ली कार्बन क्रेडिटची, म्हणजे साठवलेल्या कार्बनचे पैसे मिळण्याची, बोलणी फार ऐकू येतात, म्हणून हेही लिहिते. जीपीपी ही नुसती आवक आहे. त्यातून झाडांचा स्वतःचा श्वास वजा केला की निव्वळ उत्पादन उरतं. ते मॉड17मध्ये वर्षाच्या हिशेबाने मिळतं. पण मातीचा श्वास त्यातही नाही. पहिला पाऊस पडला की तापलेल्या मातीतले जिवाणू जागे होतात आणि कार्बन डायऑक्साइडचा लोट हवेत जातो. पुढे उलंगवाडी झाली, म्हणजे कापसाची वेचणी संपली, की पऱ्हाट्या चुलीत किंवा धुऱ्यावर जळतात, सोयाबीनचं कुटार ढोरं खातात. यातलं काहीच या आकड्यात उतरत नाही. तेव्हा कोणी असा तक्ता दाखवून 'तुमच्या शेतात एवढा कार्बन साठला' म्हणालं, तर कागदावर सही करू नका.

खरी देवाणघेवाण मोजायला टॉवर लागतो. अमरावतीला लागून असलेल्या बैतूल जिल्ह्यातल्या सागाच्या जंगलात इस्रोच्या राष्ट्रीय दूरसंवेदन केंद्राने तसा उभारला आहे. वर-खाली होणारी हवा आणि तिच्यातला कार्बन डायऑक्साइड तो सेकंदाला कित्येकदा टिपतो. कापूस-तुरीच्या कोरडवाहू पट्ट्यात, काळ्या मातीवर, असे टॉवर हवेत असं मला मनापासून वाटतं. त्याशिवाय आमच्या पिकांची मापं सुधारायची कशी?

माझ्याकडून जंगलासाठी पाचपैकी साडेचार, शेतासाठी अडीच. सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभांनी आपलं जंगल जरूर पाहावं. टिंब जंगलाच्या आत, कडेच्या वावरांपासून अर्धा-एक किलोमीटर दूर ठेवा, आणि एका वर्षाच्या आकड्यावर न जाता वीसेक वर्षं शेजारी-शेजारी लावून बघा.