कोंबड्यांचं पाणी गोठू नये म्हणून काय घ्यावं: रबरी घमेलं, हीटरचा तवा की निपल?

काहीही विकत घेण्याआधी दोन गोष्टी बघा. तुमच्याकडे भर दुपारीही पारा शून्याखाली राहतो का? आणि दिवसातून दोन-तीनदा खुराड्यापर्यंत चक्कर मारायला घरात कुणी असतं का? बाकीची निवड या दोन उत्तरांवरच ठरते.

पाण्याची हयगय मात्र परवडत नाही. अंड्याचा जवळपास तीन चतुर्थांश भाग पाणीच असतं. अंडी देणारी कोंबडी थंडीतही दिवसाला साधारण पाव लिटर पाणी पिते, आणि पाणी मिळालं नाही की दाण्यालाही तोंड लावत नाही. बर्फ टोचून ती तहान भागवेल, या भरवशावर राहू नका.

एक दिलासा आहे. अंधारात कोंबड्या पाणी पीत नाहीत. संध्याकाळी त्या दांडीवर चढल्या की भांडं रिकामं करून ठेवा आणि सकाळी भरा. रात्रभर पाणी पातळ ठेवायची धडपड करायचं कारणच नाही. अंड्यांसाठी पहाटे दिवा लावत असाल, तर मात्र दिवा लागेल तेव्हा पाणीही हजर हवं.

सगळ्यात साधा उपाय म्हणजे जाड रबराची दोन घमेली. एक खुराड्यात, एक घरात. गोठलेलं घमेलं उलटं करून बुडावर पाय दिला की बर्फाची अख्खी लादी सुटून पडते आणि रबराला काही होत नाही. कडक प्लास्टिक अशा वेळी तडकतं, पत्र्याचं भांडं सांध्यातून फुटतं. घमेलं काळं असेल आणि उन्हात ठेवलं, तर पाणी आणखी थोडा वेळ टिकतं. पसरट उथळ भांड्यापेक्षा खोल घ्या. शून्य अंशाच्या एक लिटर पाण्याचा पूर्ण बर्फ व्हायला जेवढी उष्णता बाहेर पडावी लागते, तेवढ्या उष्णतेत तेच पाणी शून्यापासून ऐंशी अंशांपर्यंत तापलं असतं. म्हणून पाणी जितकं जास्त आणि उघडा पृष्ठभाग जितका कमी, तितकं ते उशिरा गोठतं. भरताना कोमट पाणी पुरे, उकळतं नको. उघड्या भांड्याचा खरा तोटा वेगळाच आहे: मोठ्या तुऱ्याच्या कोंबड्यांचे चोचीखालचे लोंबते गल पाण्यात बुडतात, आणि ओल्या गलांना हिमदंश लवकर होतो.

दिवसभर घरी कुणी नसेल, तर विजेला पर्याय नाही. दुहेरी भिंतीचं धातूचं भांडं आणि त्याखाली हीटरचा तवा, ही जोडी माझ्या मते सर्वांत भरवशाची. हे तवे बहुधा १०० ते १२५ वॅटचे असतात आणि पारा शून्याच्या जरा वर, २ अंशांच्या आसपास आला की थर्मोस्टॅट ते सुरू करतो. १०० वॅटचा तवा २४ तास अखंड चालला तरी २.४ युनिट वीज जाते; संध्याकाळी बंद केलात तर त्याहून कमी. असा तवा धातूच्या भांड्यासाठीच असतो, त्यावर प्लास्टिकचं भांडं ठेवलं तर बूड मऊ पडतं. तवा विटेवर सपाट बसवा म्हणजे त्यावर भुसा साचणार नाही.

हीटर आतच बसवलेली प्लास्टिकची भांडीही मिळतात. घेण्यापूर्वी ती भरायची कशी ते पाहा. उलटी करून भरायची असतील, तर सरळ करताना गार पाणी हमखास बाहीत शिरतं, तेही रोज. वरून झाकण उघडून भरता येणारं भांडं थोडं महाग पडलं तरी घ्यावं.

निपलची बादली, म्हणजे चोचीनं टोचलं की थेंब सोडणाऱ्या छोट्या झडपा बसवलेली बादली, स्वच्छतेत सगळ्यांवर मात करते. पाण्यात भुसा जात नाही, गल कोरडे राहतात, खुराड्यात ओल साचत नाही. पण गोठण्याची सुरुवातही निपलमध्येच होते. उभ्या निपलच्या धातूच्या पिनेवर थेंब थांबतो आणि बादलीत पाणी असूनही चोचीला काही लागत नाही. आडवं निपल बादलीच्या भिंतीत बसतं, त्याची झडप आतल्या पाण्याला टेकलेली असते, म्हणून ते जास्त तग धरतं. तरीही बादलीत बुडवायचा, थर्मोस्टॅटचा हीटर लागतोच, आणि तो कोरडा पडू देऊ नका. बादलीभोवती थर्माकोल लावलात तर वरून फळी ठोका, कारण कोंबड्या थर्माकोल चवीनं टोचून खातात. निपलची सवय थंडीआधीच लावा. ऐन गारठ्यात शिकवायला गेलात तर काही कोंबड्या तहानलेल्या राहतील.

मिठाच्या पाण्याची बंद बाटली किंवा चेंडू तरंगत ठेवायची युक्ती वारा असेल तर वरचा पापुद्रा मोडण्यापुरती चालते, खऱ्या थंडीत नाही. पाण्यातच मीठ टाकणं किंवा गाडीचं अँटीफ्रीझ घालणं म्हणजे कोंबड्यांना विष देणं. डब्यात जुना फिलामेंटचा बल्ब ठेवून त्यावर भांडं मांडतात, तेही मला पटत नाही. कोरडा भुसा, धूळ आणि तापलेला बल्ब एकत्र आले की आग लागायला वेळ लागत नाही.

वीज नेणार असाल तर करंट गळताच पुरवठा तोडणारा ब्रेकर बसवा आणि वायरला सॉकेटखाली झोल द्या, म्हणजे ओघळणारं पाणी सॉकेटमध्ये न शिरता झोलाशी ठिबकेल.

दुपारी बर्फ वितळत असेल आणि घरी माणूस असेल, तर घमेल्यांवर भागवा, हीटरवर पैसे घालू नका. दिवसभर शून्याखाली असेल आणि कोंबड्या मोजक्याच असतील तर तवा घ्या. कोंबड्या बऱ्याच असतील किंवा तुरे-गल मोठे असतील, तर आडव्या निपलची तापती बादली. आणि हीटर घेतलात तरी एक रबरी घमेलं जवळ असू द्या. वादळात वीज गेली की तेच लागेल.