वादळाचं जॅकेट, पाच महिन्यांनंतर: भांडण फक्त वेल्क्रोशी

आमच्या कुत्रीचं, भुरीचं, वादळाचं जॅकेट जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात निकामी झालं. कापड धड, शिवण धड, फक्त वेल्क्रो पकडेना. १,४०० रुपयांच्या वस्तूत जे सगळ्यात स्वस्त, तेच आधी गेलं. वादळाचं जॅकेट म्हणजे गडगडाटाला घाबरणाऱ्या कुत्र्याच्या अंगाभोवती घट्ट गुंडाळायचा कपडा; त्या हलक्या दाबानं त्याला धीर यावा, ही कल्पना.

भुरी देशी, सहा वर्षांची, मानेवाड्याच्या रस्त्यावरून घरी आलेली. नागपूरचं मे महिन्यातलं वादळ ठाऊक असेलच. दुपारी ४४ अंश, पाचच्या सुमारास आभाळ पिवळं पडतं, धूळ उठते आणि मग कडकडाट. भुरीला ते आपल्याआधी कळतं. नाक चाटत राहते, कान मागे जातात, शेपूट पोटाखाली, आणि न्हाणीघरात बादलीमागे जाऊन बसते. एप्रिलच्या अवकाळीत तिथलं दार खरवडताना तिचं नख तुटलं, फरशीवर रक्त. त्याच रात्री जॅकेट मागवलं.

पहिला महिना पैसे वाया गेले असंच वाटत होतं. गडगडाट सुरू झाला की मी धावत जाऊन जॅकेट बाहेर काढायची, आणि वेल्क्रो तिच्या कानाशी चर्रर्र करून उघडायचा. आधीच घाबरलेल्या जनावराच्या कानाशी तो आवाज! कुत्र्याला आपल्यापेक्षा कितीतरी वरच्या पट्टीचे आवाज ऐकू येतात, हे बनवणाऱ्यांना माहीत नसेल का? पुढे तर निरभ्र दिवशीही जॅकेट हातात दिसलं की ती थरथरायला लागली. आई म्हणाली, "काहून आवळून राहिली बाई तिले? आधीच भेऊन राहिली थे."

त्यात केस. मे महिन्यात भुरीची आतली लव झडते आणि ती सगळी वेल्क्रोच्या आकड्यांत बसते. दर रविवारी वर्तमानपत्र पसरून सुईच्या टोकानं एकेक गुंता काढायचा. बोराएवढा भुरा गोळा निघायचा. धुताना पट्ट्या बंद ठेवा असं लिहिलं होतं, तेही पाळलं. तरी अडीच महिन्यांत पकड संपली. कंपनीला तीनदा फोटोंसकट मेल केले. उत्तर आलं, केस अडकणं हे वापरातलं नुकसान, वॉरंटीत बसत नाही. कुत्र्याच्या कपड्याला कुत्र्याचे केस लागणारच, याचा विचार विकण्याआधी करायला हवा होता.

शेवटी गल्लीतल्या शिंपीकाकांकडे गेले. त्यांनी वेल्क्रो उसवून टिचबटणांच्या दोन रांगा लावल्या, म्हणजे सैल-घट्ट करता येतं. ८० रुपये. आवाज फक्त 'टच'. पट्ट्याखाली दोन बोटं सहज जातात, एवढंच घट्ट ठेवते.

इथून माझं मत बदललं. आमच्या पशुवैद्य ताईंनी चूक दाखवली: जॅकेट फक्त वादळातच घातलं तर जॅकेट म्हणजे वादळ, हेच कुत्रं शिकतं. मग दोन आठवडे कोरड्या संध्याकाळी दहा मिनिटं जॅकेट आणि उकडलेल्या कलेजीचे तुकडे. खरा गडगडाट झाला की लगेच एक तुकडा. ऑगस्टमध्ये जॅकेट बाहेर काढलं तर भुरी स्वतः पुढ्यात येऊन उभी राहिली.

ताईंनी आणखी एक सांगितलं, आणि ते मनाला लागलं. जवळ घेतल्यानं कुत्र्याची भीती वाढत नाही. मी कुणाचं तरी ऐकून पाच वर्षं तिला न्हाणीघरात एकटीला कण्हत ठेवलं. त्याचं आजही फार वाईट वाटतं.

आता वेळ साधते. पुण्याच्या हवामान संस्थेचं दामिनी ॲप आसपासच्या विजांची सूचना देतं. शिवाय वीज चमकल्यावर आवाज येईपर्यंतचे सेकंद मोजून तीननं भागते, तेवढे किलोमीटर. पंधरा सेकंद आले तरी टिचबटणं लावायला वेळ मिळतो. खिडक्यांना पडदे, आणि कूलरचा पंप बंद ठेवून नुसता पंखा चालू. दमट हवेत कूलरनं गारवा येत नाही, पण त्याच्या घरघरीत गडगडाट बराच दबतो. अडचण एकच, वादळात वीज जाते. तेव्हा मोबाईलवर तसाच आवाज लावते.

उन्हाळ्यात मात्र जपा. कुत्रं मुख्यतः धापा टाकून अंग गार करतं, म्हणून वादळ सरलं की जॅकेट अंगावरून लगेच काढते. आणि सगळी भीती याने जात नाही. ऑगस्टमध्ये एकदा वीज अगदी जवळ पडली, तेव्हा जॅकेट असूनही ती तासभर कापत होती. अशा रात्रींसाठी ताईंनी गोळी लिहून दिली आहे, पण ती वादळाच्या तास-दीड तास आधी द्यावी लागते. शेजारच्या काकूंनी माणसांची झोपेची गोळी अर्धी द्यायला सांगितली होती. ते कृपा करून कुणी करू नका.

वेल्क्रोवालं जॅकेट १,४०० देऊन पुन्हा घेणार नाही. शिंपीकाकांनी खाकी कागदावर माप काढून ठेवलंय, छाती २४ इंच. पुढचं सुती कापडाचं, टिचबटणांचं, त्यांच्याकडूनच.