एकदाच उडणारी रॉकेट्स: सॅटेलाइट पाठवायला अजूनही दमदार पर्याय

हल्ली लाँच म्हटलं की सगळ्यांना स्पेसएक्सच्या फाल्कन ९ रॉकेटचा बूस्टर (खालचा, मुख्य टप्पा) उभाच्या उभा खाली उतरतो तेवढंच आठवतं, आणि ते बघायला जबरदस्त असतंच, पण म्हणून एकदा उडून संपणारी रॉकेट्स मोडीत काढायची हे मला अजिबात पटत नाही. सॅटेलाइटवाल्याला बूस्टर परत आला की नाही याच्याशी काय घेणंदेणं? त्याचा सॅटेलाइट ठरलेल्या कक्षेत, ठरलेल्या वेळी पोचला पाहिजे, बस.

एकदाच उडणाऱ्या या रॉकेट्सचा सगळ्यात मोठा प्लस पॉइंट म्हणजे ताकद. बूस्टर परत आणायचा तर लँडिंगसाठी इंधन राखून ठेवा, उतरायचे पाय न् ग्रिड फिन्सचं (दिशा सांभाळणाऱ्या जाळीदार पंखांचं) वजन वाहा, आणि हे सगळं शेवटी सॅटेलाइटच्या वाट्यातूनच कापलं जातं. स्पेसएक्सचेच आकडे बघा ना, बूस्टरवर पाणी सोडलं तर फाल्कन ९ जिओ ट्रान्सफर कक्षेत (उंचावरच्या भूस्थिर कक्षेकडे जायच्या मधल्या कक्षेत) ८.३ टन नेतं, वाचवायचा म्हटलं की साधारण साडेपाच टनांवर यावं लागतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये गुरूच्या युरोपा चंद्राकडे जाणारं नासाचं यान युरोपा क्लिपर निघालं तेव्हा तर स्पेसएक्सच्याच मोठ्या फाल्कन हेवीचे दोन्ही साइड बूस्टर आणि मधला कोअर, काहीच परत आणलं नाही.

छोट्या सॅटेलाइटसाठी मला रॉकेट लॅब कंपनीचं इलेक्ट्रॉन फार आवडतं. १८ मीटरचं रॉकेट, कमाल ३०० किलो वजन वर नेतं, पण कक्षा तुमची, तारीख तुमची. राइडशेअर (एकाच मोठ्या रॉकेटमध्ये अनेकांचे सॅटेलाइट) स्वस्त पडतं खरं, पण तिथे सगळ्यांना एकाच ठिकाणी सोडतात आणि पुढचा प्रवास स्वतःच्या इंधनावर, त्यात सॅटेलाइटचं आयुष्य खर्ची पडतं. याच इलेक्ट्रॉनने २०२२ मध्ये २५ किलोचं कॅपस्टोन हे छोटं यान चंद्राच्या वाटेला लावलं, एवढ्याशा रॉकेटने! अचूकपणात युरोपच्या एरियन ५ रॉकेटला तोड नव्हती, २०२१ च्या डिसेंबरमध्ये जेम्स वेब अंतराळ दुर्बिणीला इतकं नेमकं सोडलं की वाचलेल्या इंधनामुळे दुर्बिणीचं आयुष्य बरंच वाढलं. (हे एकदाच वापरल्यामुळे झालं असं नाही, पण जुनी पद्धत म्हणजे कमी दर्जाची असं समजणाऱ्यांनी हे बघावं.)

आता तक्रारी. दर वेळी नवं रॉकेट बांधायचं म्हणजे वेळ लागणारच, त्यामुळे हजारो सॅटेलाइट्सचं जाळं उभारायचं असेल तर इकडे येऊच नका. एरियन ५ जुलै २०२३ मध्ये रिटायर झालं, एरियन ६ उडायला जुलै २०२४ उजाडलं, आणि मधल्या काळात युरोपला स्वतःचे गॅलिलिओ (जीपीएससारखे दिशा दाखवणारे) सॅटेलाइट फाल्कनवर पाठवावे लागले, ही सर्व्हिस म्हणून खूप मोठी उणीव आहे. शिवाय इंजिन परत येत नाही, मग बिघाड झाला तर उघडून बघायला काही हातातच नसतं, फक्त टेलिमेट्रीवर (उडताना रॉकेटने पाठवलेल्या माहितीवर) भिस्त.

आणि वरच्या टप्प्याचा कचरा, म्हणजे सॅटेलाइट सोडून झाल्यावर कक्षेतच फिरत राहणारा रॉकेटचा वरचा भाग. हा प्रश्न फाल्कनलाही आहे, त्याचाही वरचा टप्पा परत येत नाही. एरियन ६ च्या वरच्या टप्प्यातलं व्हिन्सी इंजिन पुन्हा पेटवून टप्पा खाली आणता येतो, पण पहिल्याच फ्लाइटला सहायक पॉवर युनिट (इंजिन पुन्हा पेटवायला मदत करणारं यंत्र) बंद पडलं आणि टप्पा वरच राहिला. मार्च २०२५ च्या फ्लाइटला जमलं. लाँच बुक करताना वरचा टप्पा खाली आणणार का हे आधी विचारा, आणि तसं लेखी घ्या.