जंगलाचा आराखडा करून देणारे फॉरेस्टर: न्यू जर्सीतील आमचा अनुभव

न्यू जर्सीच्या हंटरडन काउंटीत आमची 11 एकर जागा आहे. एक एकरात घर आणि अंगण, उरलेल्या दहा एकरांत ओक, हिकरी आणि वाळलेल्या अ‍ॅशचे रान. हे रान तुटू नये म्हणून आम्ही त्यावर कायमचे कॉन्झर्व्हेशन ईझमेंट, म्हणजे तिथे पुढे कधी बांधकाम न करण्याचे कायदेशीर बंधन, दिले होते आणि तेवढ्याने प्रॉपर्टी टॅक्स शेतजमिनीच्या दराने बसेल, अशी आमची भाबडी समजूत होती.

ती समजूत दूर केली राज्याच्या मान्यताप्राप्त यादीतून निवडलेल्या फॉरेस्टरने, आणि तीही पैसे घेण्यापूर्वी. ईझमेंटमुळे जमिनीची बाजारकिंमत घटते व असेसरला (करासाठी मालमत्तेचे मूल्य ठरवणाऱ्या अधिकाऱ्याला) ती घट विचारात घ्यावी लागते, हे रिजवूड विरुद्ध बोल्जर फाउंडेशन या खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 1986 मध्येच स्पष्ट केले आहे. पण शेतजमिनीच्या दराने कर बसवणारी 1964 च्या फार्मलँड असेसमेंट कायद्याची सवलत ही निराळी गोष्ट असून, तिच्यासाठी किमान 5 एकर जमीन सलग दोन वर्षे वापरात असावी लागते. नुसते राखलेले रान त्या हिशेबात ‘वापरात’ धरले जात नाही. जंगलाचा आराखडा आणि लाकडाची विक्री हवी: पहिल्या 5 एकरांना 500 डॉलर आणि पुढच्या प्रत्येक एकराला 50 सेंट, म्हणजे आमच्या दहा एकरांना वर्षाला 502 डॉलर 50 सेंट. रान वाचवण्यासाठी जळण विकायचे, ही तऱ्हा आम्हाला पचेना. तेव्हा त्यांनी स्टुअर्डशिप आराखड्याचा, म्हणजे रानाची निगा राखण्याच्या आराखड्याचा, पर्याय सुचवला. त्यात विक्रीची सक्ती नाही, आराखड्यातली कामे मात्र करावीच लागतात.

रानातले त्यांचे काम पाहण्यासारखे होते. एका ओकच्या खोडात पोकळ गिरमिट फिरवून त्यांनी पेन्सिलीहून बारीक गाभा बाहेर काढला, तो तळहातावर धरून वलये मोजली आणि सालीजवळची वलये कशी एकमेकांना चिकटत गेली आहेत हे दाखवले. गर्दीमुळे झाडाची वाढ खुंटली होती. कोणती झाडे काढायची आणि पोखरलेल्या अ‍ॅशपैकी कोणती सुतारपक्ष्यांसाठी उभी ठेवायची, हे त्यांनी त्या दिवशी रंगाच्या खुणांनी ठरवून दिले.

कागदपत्रांच्या बाबतीत मात्र तक्रार आहे. सवलतीसाठीचा एफए-1 अर्ज आणि डब्ल्यूडी-1 हा जंगलाचा तक्ता 1 ऑगस्टपर्यंत असेसरकडे पोहोचावा लागतो, तर फॉरेस्टरकडून आमच्या रानाचा नकाशा 29 जुलैला आला आणि त्यावर लॉट (भूखंड) क्रमांक शेजाऱ्यांचा होता. दोन दिवस फोनाफोनी करून तो दुरुस्त करून घेतला. एवढ्या शुल्कात ही धावपळ आमच्या वाट्याला यायला नको होती. आराखड्याच्या नूतनीकरणाला आम्ही त्यांनाच बोलावू, फक्त नकाशा मे महिन्यातच मागून घेऊ.