रावेरच्या केळीबागेत रास्पबेरी पायचा एआय कॅमेरा

रावेर तालुक्यात तापीकाठच्या शिवारात कापणीला आलेले केळीचे घड रात्रीतून चोरीला जातात. रखवालीसाठी आम्ही आधी हालचाल टिपणारा साधा कॅमेरा लावला होता. पण केळीचे पान जराशा वाऱ्यानेही हलते, त्यामुळे मोबाइलवर इशाऱ्यांचा असा मारा होई की खरा इशारा त्यातच हरवून जाई. म्हणून यंदा बागेच्या वाटेवर रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणक-बोर्डाला जोडायचा, चित्रातील वस्तू स्वतः ओळखणारा रास्पबेरी पाय एआय कॅमेरा बसवला. तो सप्टेंबर 2024 मध्ये 70 डॉलर किमतीला बाजारात आला.

या कॅमेऱ्याचे खरे मोल त्यातील सोनीच्या आयएमएक्स500 या सेन्सरमध्ये आहे. एरवी सेन्सर केवळ प्रकाश नोंदवतो आणि प्रत्येक चित्रातील लाखो बिंदू प्रोसेसरकडे पाठवतो. ओळखण्याचे काम तिथे होते आणि वीजही तिथेच जाते. 2020 मध्ये जाहीर झालेल्या या सेन्सरमध्ये मात्र 1 कोटी 23 लाख पिक्सेलच्या थराखालीच गणन करणारी चिप आणि मेमरी जोडलेली आहे, त्यामुळे चित्राबरोबरच ‘माणूस, अमुक जागी, इतक्या खात्रीने’ अशी नोंद तयार होऊन बाहेर येते. आम्ही मोबाइलवर केवळ ही नोंद मागवतो. शिवारातल्या अशक्त नेटवर्कवरही ती पोहोचते, आणि पान हलले म्हणून फोन वाजत नाही, हे समाधान मोठे आहे. ओळखण्याचा भार सेन्सरनेच उचलल्यामुळे रास्पबेरी पायचा झीरो 2 डब्ल्यू हा लहान बोर्डही पुरतो.

वीजबचतीचा अर्थ मात्र नीट समजून घ्यावा. सेन्सर काटकसरी असला तरी बोर्ड अखंड जागा असतो, म्हणून सौर पॅनेल आणि बॅटरी यांचा हिशेब बोर्डाच्या खपावरूनच करावा लागतो. शिवाय भिंगामागे अवरक्त (इन्फ्रारेड) किरण अडवणारी गाळणी असल्याने अंधारात अवरक्त दिव्याचा उपयोग होत नाही. आम्हाला वाटेवर साधा पांढरा सौर दिवा लावावा लागला.

सोबत मिळणारे तयार मॉडेल, म्हणजे वस्तू ओळखणारा प्रोग्राम, वस्तूंच्या ज्या 80 प्रकारांवर शिकवलेले आहे त्यांत माणूस, गाय, कुत्रा, एवढेच काय, केळेसुद्धा आहे. रानडुक्कर आणि नीलगाय नाहीत. ज्यांना पिकाचे रक्षण जनावरांपासून करायचे आहे त्यांनी हा कॅमेरा आहे तसा घेऊ नये. स्वतः छायाचित्रे जमवून, सेन्सरच्या सुमारे 8 एमबी मेमरीत मावेल असे मॉडेल शिकवण्याची तयारी असेल तरच घ्यावा.

उत्पादकाने दिलेली तापमानाची मर्यादा 50 अंश सेल्सिअस आहे. खान्देशात मे महिन्यात सावलीतच पारा 45 अंशांवर जातो, तेव्हा उन्हातल्या बंद पेटीचे काय होईल हे सांगायला नको. आम्ही पेटीला वरून पत्र्याचे छत केले, बाजूंना हवेसाठी छिद्रे ठेवली आणि ती बांधावरच्या निंबाच्या उत्तरेकडील अंगाला बांधली.